कळ दाबली की कळले पाहिजे!

टाइपरायटरवर बोटे घडलेली आमची पिढी. कळ दाबताच खट्कन अक्षर उमटे. बोटाला पावती तिथल्या तिथे मिळे. गेल्या महिन्यात घरचा जुना कीबोर्ड निकालात निघाला आणि आम्ही स्वस्तात एक रबरी पडद्याचा आणला. कळ दाबावी तर भिजल्या पोह्यांत बोट रुतल्यासारखे! अक्षर उमटले की नाही ते कळेना, म्हणून प्रत्येक कळ तळापर्यंत ठोकू लागलो. आठ दिवसांत बोटांतूनच कळा!

अखेर दुकानात जाऊन, डोळे मिटून, स्प्रिंगच्या कळा चाचपल्या. चेरी एमएक्स कळांचा स्वभाव रंगावरून कळतो. लाल कळ सरळ खाली जाते; निळी वाटेत खटका देते, वर आवाजही करते; तपकिरी मुकाट्याने हलका अडसर जाणवून देते. तपकिरी कळ दबते ४ मिलिमीटर, पण अक्षर २ मिलिमीटरवरच उमटते. अडसर जाणवला की बोट उचलावे. तळ गाठण्याचे श्रम वाचतात.

रात्री लिहिणाऱ्याने निळीच्या वाटेला जाऊ नये. घरात माणसे झोपलेली असतात. आम्ही तपकिरी घेतली. वाचकहो, रंगीत दिव्यांना भुलू नका. दुकानात चार ओळी टाइप करा आणि बोटांना विचारा!