आभासी संगणकातील ‘एक्सपी’ कितपत सुरक्षित?

‘विंडोज एक्सपी’ला मायक्रोसॉफ्टने ८ एप्रिल २०१४ रोजी निरोप दिला; तरीही ती पुरती हद्दपार झालेली नाही. हिशेबाचे जुने सॉफ्टवेअर नव्या प्रणालीवर चालत नाही, यंत्राचा ड्रायव्हर मिळत नाही, मग अनेक जण नव्या संगणकातच ‘व्हर्च्युअल मशीन’, म्हणजे सॉफ्टवेअरने उभारलेला आभासी संगणक, तयार करून त्यात एक्सपी चालवितात. खुद्द मायक्रोसॉफ्टनेच २००९ मध्ये विंडोज ७ च्या व्यावसायिक आवृत्त्यांसाठी ‘एक्सपी मोड’ या नावाने ही सोय दिली होती. त्यामुळे आत काहीही बिघडले तरी बाहेरच्या संगणकाला धक्का लागत नाही, असा समज रूढ झाला. तो अर्धाच खरा आहे.

आतल्या आणि बाहेरच्या संगणकामधील भिंत अभेद्य नसते. मे २०१५ मध्ये उघडकीस आलेल्या ‘व्हेनम’ या त्रुटीने ते दाखवून दिले. आभासी फ्लॉपी ड्राइव्हच्या कोडमधील ही चूक २००४ पासून तशीच होती. फ्लॉपी कालबाह्य झाली, तिचा कोड मात्र राहिला! अर्थात, अशी भिंत फोडणे सोपे नसते आणि असे हल्ले विरळाच.

खरा धोका आपणच उघडलेल्या दारांतून येतो. फायलींची ने-आण सोपी व्हावी म्हणून बाहेरच्या संगणकातील फोल्डर एक्सपीला लिहिण्याच्या अधिकारासह खुले केले जाते. खंडणीखोर व्हायरस आत शिरला, तर त्याला भिंत फोडावीच लागत नाही; त्या फोल्डरमधील फायली तो आतूनच कुलूपबंद करतो. ‘ब्रिज्ड’ जोडणीत तर आभासी एक्सपी कार्यालयाच्या नेटवर्कवर स्वतंत्र संगणक म्हणूनच वावरते.

‘वॉनाक्राय’च्या वेळी मे २०१७ मध्ये आणि ‘ब्लूकीप’ त्रुटीनंतर मे २०१९ मध्ये मायक्रोसॉफ्टने एक्सपीसाठी अपवाद म्हणून सुरक्षा दुरुस्त्या दिल्या. मात्र जुन्या सीडीवरून बसविलेल्या एक्सपीत त्या आपोआप येत नाहीत. मुद्दाम आणून बसवाव्या लागतात.

म्हणून आभासी नेटवर्क कार्ड बंद ठेवावे आणि सामायिक फोल्डर केवळ वाचण्यापुरते द्यावे. ‘स्नॅपशॉट’वर मात्र विसंबू नये. त्याने आतली एक्सपी पूर्ववत होते, बाहेरच्या फोल्डरमधील बिघडलेल्या फायली नव्हे. त्यांची वेगळी प्रत एक्सपीला पोहोचता येणार नाही अशा जागी असावी लागते.