लोकस्थिती गेली, प्रवासवृत्त उरले

मराठी प्रवासवर्णनाला उतरती कळा लागली आहे असे म्हटले, की दरवर्षी निघणाऱ्या पुस्तकांची आणि दिवाळी अंकांतील लेखांची संख्या पुढे केली जाते. संख्येविषयी वाद नाहीच. वाद आहे तो पाहण्याविषयी.

युरोपातील नद्यांवरच्या क्रूझ सहलीचे वर्णन घ्या. साचा ठरलेला असतो. केबिन, न्याहारी, काठावरचे किल्ले. आणि फ्रान्समध्ये बोर्दोच्या बाजूला सहल असेल तर कॅव्हियार फार्मला भेट. लेखक टाक्यांतले स्टर्जन मासे पाहतो, काळे दाणे जिभेवर ठेवतो, किंमत विचारतो, तिचे रुपयांत रूपांतर करून थक्क होतो आणि पुढच्या थांब्याकडे निघतो.

एवढी मोठी नदी शेजारी असताना मासा टाकीत का, हा प्रश्न त्याला पडत नाही. जिरोंदच्या खाडीतून गारोन आणि दोर्दोन्य नद्यांत अंडी घालायला चढणारा स्थानिक स्टर्जन बेसुमार मासेमारीने आणि नद्यांच्या मोडतोडीने इतका घटला, की १९८२ मध्ये फ्रान्सने त्याच्या मासेमारीवर बंदी घातली. आज तेथील टाक्यांत मुख्यतः सायबेरियन स्टर्जन वाढवतात. नर-मादी बाहेरून ओळखू येत नाहीत, म्हणून तिसऱ्या वर्षाच्या सुमारास अल्ट्रासाउंडने निवड होते. नर मांसासाठी जातात. माद्या सात-आठ वर्षे पोसून, बहुधा मारूनच, अंडी काढतात. २०२२ मध्ये आययूसीएनने जगात उरलेल्या स्टर्जनच्या सर्व २६ जाती धोक्यात असल्याचे जाहीर केले. पाळलेल्या माशामुळे नदीतल्या माशावरचा ताण हलका होतो, हे फार्मच्या बाजूने म्हणता येईल. आमचा लेखक तेही म्हणत नाही.

यावर आक्षेप येतो, की सहलीला गेलेल्या माणसाने काय अहवाल लिहायचा? पंडिता रमाबाई १८८६ मध्ये अमेरिकेत पोहोचल्या. १८८९ मध्ये त्यांचे पुस्तक आले, ते 'युनायटेड स्टेट्सची लोकस्थिती आणि प्रवासवृत्त'. शीर्षकातच लोकस्थिती आधी आहे, प्रवासवृत्त नंतर. अमेरिकेविषयी त्यांना आदर होता, तरीही तेथील मूळ रहिवाशांवरचा आणि कृष्णवर्णीयांवरचा अन्याय त्यांनी झाकला नाही. पाहुणचार घेणे आणि प्रश्न विचारणे यांत त्यांना विरोध वाटला नाही. आपण मात्र त्या शीर्षकाचा पहिला अर्धा भाग गाळून टाकला आहे.

दोष एकट्या लेखकाचा नाही. ज्या जिन्नसाची किंमत ऐकून तो थक्क होतो, त्याच्या जातभाईला आपल्या मासळी बाजारात गाबोळी म्हणतात. पण हा शब्द त्याच्या लेखात येत नाही, कारण तो घरचा आहे. नदीचेही तसेच. शिरोळ तालुक्यात पंचगंगेत मेलेल्या माशांचा खच पडल्याच्या बातम्या आम्ही कोल्हापूरकर वर्षानुवर्षे वाचत आलो. सांडपाण्याची चर्चा होते आणि विरते. स्वतःच्या नदीला जो प्रश्न विचारत नाही, तो परक्या नदीला कोठून विचारणार?

आणि आम्ही प्राध्यापक? प्रवासवर्णनाची वैशिष्ट्ये विचारली की निसर्गवर्णन, व्यक्तिचित्रे, नर्मविनोद एवढ्यावर आम्ही गुण देऊन मोकळे होतो. लेखकाने काय पाहिले नाही, हा प्रश्न आमच्या प्रश्नपत्रिकेत कधी आला नाही. साचा तयार झाला तो याच वर्गांत, आमच्या हातून.

कुणी क्रूझवर जाऊ नये, कॅव्हियार खाऊ नये, असे येथे म्हणायचे नाही. म्हणणे इतकेच, की टाकीजवळ उभे राहिल्यावर नदीकडे पाहावे. याची सवय लावायची तर बोर्दोपर्यंत जाण्याची गरज नाही. प्रवासवर्णन शिकवताना विद्यार्थ्यांना पंचगंगा घाटापासून नरसोबाच्या वाडीपर्यंत पाठवावे. जाळे टाकणाऱ्याला विचारून या म्हणावे, पूर्वी येथे कोणते मासे मिळत आणि आता कोणते मिळत नाहीत. जे लिहून आणतील, ते आधी आम्ही वाचावे.