साधें यंत्र आणि एका आठवड्याचे पारखी

कोणत्याहि वस्तूची खरी पारख होण्यास किती काळ लागतो, हा प्रश्न वरवर पाहतां क्षुल्लक वाटतो. परंतु त्याच्या उत्तरावर पुष्कळ गोष्टी अवलंबून आहेत. संगीताच्या उपकरणांविषयीं हल्लीं जे अभिप्राय प्रसिद्ध होतात, त्यांपैकीं बहुतेक यंत्र हातीं आल्यापासून आठवड्याच्या आंत दिलेले असतात. वेष्टन सोडलें, कळा मोजल्या, वॅट वाचले, दोनचार सूर वाजवून पाहिले, कीं निकाल तयार! अशा निकालावर विसंबून मुलांसाठीं हजारों रुपयांचीं यंत्रें विकत घेणारीं सुशिक्षित कुटुंबें आपल्याकडे थोडीं नाहींत. आमचें म्हणणें असें आहे कीं, ही पारख नव्हे. ही जाहिरातीचीच दुसरी प्रत होय. ज्यानें एखादें यंत्र वीस-तीस वर्षें वापरलें, वाहिलें, बिघडलेलें पाहिलें आणि दुरुस्त करून पुन्हां वाजविलें, त्याचीच साक्ष या बाबतींत प्रमाण मानली पाहिजे. ती साक्ष काय सांगते हें पाहण्यास बेस गिटारच्या एका साध्या ध्वनिवर्धकाइतकें चांगलें उदाहरण आम्हांस दुसरें आढळत नाहीं.

बेस गिटार हें वाद्य आमच्या वाचकांस अपरिचित नाहीं. राहुलदेव बर्मन यांच्या वाद्यवृंदांतील टोनी वाझ यांची बेस गिटार, वादकाचें नांव ठाऊक नसतांहि, हजारों घरांत ऐकली गेली आहे. आणि गणेशोत्सवांतील गाण्यांच्या कार्यक्रमांतहि हें वाद्य नित्य दिसतें. कॅलिफोर्नियांतील लिओ फेंडर यानें १९५१ सालीं आपली ‘प्रिसिजन बेस’ बाजारांत आणली, तेव्हांपासून या वाद्याचा प्रसार झाला. तिचें अंग भरीव लाकडाचें. सतारीला किंवा तंबोऱ्याला असतो तसा पोकळ भोपळा तिला नाहीं. अर्थात् ध्वनिवर्धकावांचून ती जवळजवळ मुकी आहे. ध्वनिवर्धक हा या वाद्याचा अलंकार नव्हे. तो त्याचा अर्धा देह होय.

हा अर्धा देह घडविणें सोपें नाहीं. बेस गिटारची सर्वांत जाड तार सेकंदास सुमारें ४१ कंपनें करते, आणि त्या सुराची हवेंतील लाट सुमारें २७ फूट लांबीची असते. फ्लेचर आणि मन्सन या शास्त्रज्ञांनीं १९३३ सालीं प्रयोगानें दाखवून दिलें कीं, मंद आवाजांत मनुष्याचा कान खर्जाच्या बाबतींत फारच बोथट असतो. म्हणून खर्जाचा सूर स्पष्ट ऐकूं येण्यास अधिक शक्ति, मोठा स्पीकर आणि भक्कम पेटी लागते. ही अडचण ज्यानें साधेपणानें सोडविली, त्यास आम्ही खरा कारागीर म्हणूं.

अमेरिकेंतील एव्हरेट हल हा स्वतः वादक होता. उभा डबल बेस ज्या खुंटीवर जमिनीस टेकवितात, त्या खुंटींत मायक्रोफोन बसविण्याची युक्ति त्यानें १९४६ च्या सुमारास काढली. ‘अँपेग’ हें त्याच्या कंपनीचें नांव त्या खुंटीवरूनच पडलें. पुढें १९६० सालीं याच कंपनींत जेस ऑलिव्हर यानें ‘पोर्टाफ्लेक्स बी-१५’ हा ध्वनिवर्धक तयार केला. पंधरा इंची एक स्पीकर, सुमारें २५ वॅट शक्ति, आणि आवाज, खर्ज व टीप एवढ्याच गोष्टींच्या कळा! यंत्राचा सर्व भाग पेटीच्या झांकणावर बसविलेला असे. कार्यक्रम संपला, कीं झांकण उलटें करावें. म्हणजे कांचेचे नाजूक व्हॉल्व्ह पेटीच्या पोटांत सुरक्षित राहत आणि ती पेटी गाडीवर घालून नेतां येई. पेटीच्या माथ्यावरील पारदर्शक पट्टीवर विकत घेणाऱ्याचें नांव कोरून देण्याचीहि सोय होती. ज्या वस्तूवर धन्याचें नांव कोरावयाचें, ती चार वर्षांनीं टाकून देण्यासाठीं केलेली नसते, हें सांगणें नलगे.

या यंत्राचा उपयोग कोणीं केला? डेट्रॉइट येथील मोटाउन कंपनीच्या असंख्य गाण्यांना खर्जाचा पाया घालणारा जेम्स जेमरसन क्लबांत वाजवितांना हेंच यंत्र वापरीत असे. मेम्फिस शहरांत जुन्या चित्रपटगृहांत थाटलेल्या स्टॅक्स कंपनीच्या स्टुडिओंत डोनाल्ड ‘डक’ डन याच्यापाशीं हेंच होतें. येथें एक गोष्ट प्रामाणिकपणें सांगितली पाहिजे. स्टुडिओंत जेमरसनचें वादन बहुधा ध्वनिवर्धकाच्या द्वारें नव्हे, तर तारेनें थेट ध्वनिमुद्रणयंत्रांत घेतलें जाई. आणि तें सर्व वादन तो उजव्या हाताच्या केवळ तर्जनीनें करीत असे. तेव्हां त्याच्या कीर्तीचें सर्व श्रेय या पेटीला देणारे भक्तहि आमच्या मतें चुकतात. साध्या यंत्राचा गुण हाच कीं, तें वादकाचें श्रेय स्वतःकडे ओढून घेत नाहीं. बोट चांगलें असेल तर तें चांगलें ऐकवितें, वाईट असेल तर वाईट ऐकवितें.

ज्यांनीं असें यंत्र अनेक वर्षें वापरलें, त्यांचे अनुभव एकमेकांशीं विलक्षण जुळतात. पहिल्या वर्षीं वादक कळा फिरवितो. पांचव्या वर्षीं त्या एका जागीं स्थिर होतात. दहाव्या वर्षीं सूर बदलावयाचा झाल्यास तो कळेकडे न वळतां आपल्या हाताकडे वळतो. तार घोडीजवळ छेडली तर नाद कडक येतो, मानेकडे छेडली तर गोल येतो, ही गोष्ट तो यंत्रापासूनच शिकतो, कारण यंत्र त्याला दुसरी पळवाट ठेवीत नाहीं. पेटी कोपऱ्यांत ठेवली तर खर्ज घुमतो, भिंतीपासून पुढें ओढली तर मोकळा होतो, हेंहि त्याला कळतें. आवाजाची कळ एका विशिष्ट खुणेपलीकडे गेली, कीं नादांत किंचित् खरखरीत गुरगुर उत्पन्न होते. एव्हरेट हल यास ही गुरगुर मुळींच खपत नसे; आवाज स्वच्छ राहावा असा त्याचा कटाक्ष होता. परंतु वादकांस नेमकी तीच प्रिय झाली. निर्मात्यास जें ठाऊक नव्हतें, तें वापरणाऱ्यांनीं वर्षानुवर्षांच्या सहवासानें शोधून काढलें! एका आठवड्याच्या पारख्यास हें कोठून दिसणार?

आतां प्रतिपक्षाचे आक्षेप पाहूं. पहिला आक्षेप शक्तीचा. पंचवीस वॅटांनीं मोठ्या सभागृहांत काय होणार, असें विचारतात. आक्षेपांत तथ्य आहे, पण वाटतें तितकें नाहीं. याच कंपनीनें १९६९ सालीं ‘एसव्हीटी’ नांवाचा ३०० वॅटांचा, चौदा व्हॉल्व्हांचा प्रचंड ध्वनिवर्धक काढला, आणि त्याच वर्षीं रोलिंग स्टोन्स मंडळींनीं तो आपल्या अमेरिकेच्या दौऱ्यांत वापरला. मोठ्या मैदानासाठीं तें योग्यच होतें. परंतु शक्ति दसपट केली, तेव्हां कानास आवाज सुमारें दुप्पट वाटतो, हा श्रवणाचा नियम आहे. म्हणजे बारापट वॅटांचे पैसे भरून कानाच्या पदरीं दुपटीहून थोडेंच अधिक पडतें. दिवाणखान्यांत सराव करणाऱ्या विद्यार्थ्यास ३०० वॅट विकणारा दुकानदार त्याच्या अज्ञानाचा व्यापार करीत असतो.

दुसरा आक्षेप वजनाचा व धोक्याचा. तो आम्हांस मान्य आहे. व्हॉल्व्हांचें यंत्र जड असतें. एका माणसानें तीन जिने चढवून न्यावें असें तें नाहीं. त्याच्या पोटांतील कंडेन्सर विजेची तार काढून घेतल्यावरहि प्राणघातक दाब धरून राहूं शकतात, म्हणून जाणत्या कारागिराखेरीज कोणीं तें उघडूं नये. नव्या पद्धतीचे ध्वनिवर्धक थोड्या किलोंत शेंकडों वॅट देतात. ज्या वादकाची पाठ दुखते त्यानें ते खुशाल घ्यावेत. जुनें तें सर्व सोनें, असें प्रतिपादन करण्यासाठीं आम्हीं लेखणी उचललेली नाहीं. संग्रह करणाऱ्या हौशी लोकांनीं या जुन्या पेट्यांच्या किंमती चढवून ठेवल्या आहेत. त्या किंमती देणें हाहि आमच्या मतें शहाणपणा नव्हे. साधेपणा आजच्या वस्तूंतहि असूं शकतो, आणि तो तेथें असावा एवढेंच आमचें मागणें आहे.

तिसरा आक्षेप मोठा मौजेचा आहे. नव्या यंत्रांत शंभर प्रकारचे नाद भरलेले असतात; मग तीनच कळांत कां अडकून पडावें? यावर आमचें उत्तर असें कीं, अशा यंत्रांच्या शंभर नादांत या साध्या बी-१५ ची नक्कल वारंवार आढळते. मूळ वस्तूंत कांहींच अर्थ नसता, तर नक्कल करण्याचा खटाटोप कोणीं केला असता? आणि शिकणाऱ्या मुलास शंभर नाद देणें म्हणजे ज्याला अजून बाराखडी गिरवावयाची आहे त्याच्यापुढें शंभर लिप्या मांडणें होय. त्याचा सर्व वेळ निवडण्यांत जातो, आणि बोट होतें तेथेंच राहतें.

परंतु या सर्वांहून गंभीर गोष्ट निराळीच आहे. जुनें साधें यंत्र बिघडत नसे असें नाहीं. तें पुष्कळ बिघडे. व्हॉल्व्ह झिजत, कंडेन्सर वाळून जात आणि यंत्र गुणगुणूं लागे, कळा खरखरत, स्पीकरचा कागद फाटे. पण यांतील प्रत्येक भाग डोळ्यांस दिसण्याजोगा व डाखाच्या साधनानें काढून बदलण्याजोगा होता; यंत्राचा नकाशा मिळत असे, आणि कोणत्याहि हुशार रेडिओ-कारागिरास तो वाचतां येई. म्हणूनच १९६० नंतर घडलेल्या कित्येक पेट्या आजहि वाजत आहेत. याच्या उलट आजच्या अनेक यंत्रांत तांदळाच्या कणीहून लहान भागांनीं भरलेली एकच पाटी असते. एक भाग गेला, कीं सबंध पाटी बदला. आणि पाटी मिळेनाशी झाली, कीं यंत्र भंगारांत टाका.

यांत केवळ पैशाची हानि आहे असें नाहीं. जें यंत्र सात वर्षांत मरतें, त्याचा तीस वर्षांचा अनुभव कोणासच येणें शक्य नाहीं. म्हणजे ज्या साक्षीवर आम्ही सर्व भिस्त ठेविली, ती साक्षच यापुढें उत्पन्न होणार नाहीं. आणि मग आठवड्याच्या पारख्यांखेरीज दुसरा पारखी उरणार नाहीं. मिरजेच्या तंबोऱ्याची जवारी बिघडली, तर कारागीर घोडी घांसून ती पुन्हां लावतो, आणि आजोबांचा तंबोरा नातीच्या मांडीवर येतो. त्या तंबोऱ्याविषयीं घरांतील माणसांस जें ज्ञान असतें, तें कोणत्याहि दुकानांत विकत मिळत नाहीं. जवारी काढतां येऊं नये अशी घोडी जर कोणी चिकटवून विकूं लागला, तर आपण त्यास सुधारक म्हणूं काय? मग विजेच्या वाद्याच्या बाबतींतच आपण इतके सोशिक कां होतों?

भारत सरकारच्या ग्राहक व्यवहार विभागानें डिसेंबर २०२२ मध्यें दुरुस्तीच्या हक्कासंबंधीं एक संकेतस्थळ सुरू केलें. शेतीचीं अवजारें, मोबाइल व इलेक्ट्रॉनिक वस्तु, घरगुती टिकाऊ वस्तु आणि वाहनें असे चार वर्ग त्यांत धरले आहेत. हें पाऊल स्तुत्य आहे. परंतु कायद्याची वाट पाहत बसण्याचें कारण नाहीं. विकत घेणारा जोंपर्यंत विचारीत नाहीं, तोंपर्यंत विकणारा सांगणार नाहीं.

म्हणून आमच्या वाचकांस आमची सूचना अशी आहे. मुलानें बेस गिटारचा हट्ट धरला, तर तो खुशाल पुरवावा. परंतु दुकानांत गेल्यावर ‘यांत नाद किती आहेत?’ असें न विचारतां ‘हें बिघडल्यास येथें कोण दुरुस्त करील, सुटे भाग किती वर्षें मिळतील आणि याचा नकाशा देतां काय?’ असें विचारावें. उत्तर मिळालें नाहीं, तर वस्तु तेथेंच ठेवून परत यावें. निर्मात्यांनीं नकाशे प्रसिद्ध करावेत व सुटे भाग विकावेत. आणि उपकरणांवर अभिप्राय लिहिणाऱ्या विद्वानांनीं पहिल्या आठवड्यांत काय वाटेल तें लिहावें, पण पांच वर्षांनीं त्याच यंत्रावर दुसरा लेख लिहिण्याचा नियम करावा. तो लेख लिहिण्यास त्यांच्यापाशीं तें यंत्र चालूं स्थितींत उरलें नसेल, तर तेवढें एकच वाक्य त्यांनीं छापावें. आम्हांस तेवढा अभिप्राय पुरेसा आहे.