आधी निदान, मग दोषारोप

हल्ली घराघरांत एक नवा वाद ऐकू येतो. मोबाइलवर किंवा कॉम्प्युटरवर चार मित्रांचा ऑनलाइन खेळ रंगात आलेला असतो. पडद्यावरचा खेळाडू दहा पावले पुढे जातो आणि एकदम मागे ओढला जातो. मारलेली गोळी लागत नाही. कोपऱ्यात 'पॅकेट लॉस'ची खूण चमकते. मग लगेच खटला उभा राहतो. आजीने मालिका लावली म्हणून असे झाले, ताईने फोटो पाठवले म्हणून झाले, नेटवाल्याने फसवले म्हणून झाले. शेवटी बाबांनी मोठा प्लॅन घ्यावा असा निकाल लागतो. पैसे भरले जातात आणि दुसऱ्या दिवशी खेळाडू पुन्हा मागे ओढला जातो.

शाळेच्या पत्रिकेत खेळाची चर्चा कशाला, असे काही पालक विचारतील. मुलांनी किती वेळ खेळावे याबद्दल आमचेही मत कडकच आहे. पण तो वेगळा विषय. आमचा मुद्दा असा, की जी मुले विज्ञानाच्या तासाला निरीक्षण, अनुमान, प्रयोग, निष्कर्ष हे शब्द पाठ म्हणतात, तीच मुले घरी तपासणी न करता निकाल देतात. आणि आपण मोठी माणसेही काही वेगळे करत नाही. ही सवय मोडायची असेल, तर मुलांना ज्याची मनापासून तळमळ आहे तोच विषय हाती घ्यावा, असे आम्हांस वाटते.

प्रथम हा पॅकेट लॉस म्हणजे काय ते पाहू. इंटरनेटवरून जाणारी माहिती सलग धारेने जात नाही. तिची छोटी छोटी पाकिटे होतात आणि प्रत्येक पाकीट वेगळे प्रवास करते. वाटेत एखादे पाकीट हरवले तर ते पॅकेट लॉस. शंभरांतली दोन हरवली तर २ टक्के. वेबपान किंवा चित्रपट हरवलेले पाकीट पुन्हा मागवून घेतो, आणि चित्रपटाचा थोडा साठा आधीच जमवलेला असतो, म्हणून आपल्याला पत्ता लागत नाही. खेळाचे तसे नाही. खेळाडू अर्ध्या सेकंदापूर्वी कुठे होता हे आता कळून उपयोग काय? म्हणून बरेचसे वेगवान खेळ १९८० साली ठरलेल्या यूडीपी या पद्धतीने पाकिटे पाठवतात. त्यात हरवलेले पाकीट आपोआप परत मागवले जात नाही. 'सिनेमा नीट चालतो, मग खेळच का अडकतो?' या प्रश्नाचे उत्तर हे आहे.

मोठ्या प्लॅनचा भ्रमही इथेच फुटतो. अशा खेळाला लागणारी माहिती अगदी थोडी असते, साधारणपणे १ एमबीपीएसपेक्षाही कमी. १०० चा प्लॅन ३०० केला म्हणून वाटेत हरवणारे पाकीट सापडत नाही. आपल्या इंदूरला नर्मदेचे पाणी सुमारे ७० किलोमीटरवरून येते. घरातल्या नळाला गळती असेल तर जलूदला जास्त पंप बसवून काय होणार? गळती टाकीजवळ आहे, गल्लीत आहे की मोरीतल्या नळाला आहे, हे आधी शोधावे लागते. पाकिटांचेही तसेच आहे.

शोध घेण्याचे साधन जुने आणि फुकट आहे. 'पिंग' हा छोटा प्रोग्रॅम १९८३ साली माइक म्यूस यांनी लिहिला. तो एक पाकीट पाठवतो, उत्तराची वाट पाहतो, किती गेली, किती परतली आणि किती वेळ लागला ते सांगतो. विंडोजमध्ये तो आपण होऊन ४ पाकिटेच पाठवतो. चारांवरून काही ठरत नाही. किमान १०० पाठवावीत.

पहिली पायरी यंत्राची. चित्रच धक्के खात असेल, मोबाइल तापला असेल, तर दोष यंत्राच्या दमाचा आहे, नेटचा नव्हे. दुसरी पायरी घरातली: आपल्या यंत्रावरून घरच्याच राऊटरला पिंग करावे. इथेच पाकिटे हरवत असतील तर नेटवाल्याला फोन करण्यात अर्थ नाही, कारण पाकिटे अजून उंबऱ्याबाहेर पडलेलीच नाहीत. मग वाय-फाय सोडून केबल लावून तीच चाचणी पुन्हा करावी. केबलने गळती थांबली तर दोष वाय-फायचा. २.४ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यात शेजाऱ्यांचे राऊटर, ब्लूटूथ आणि मायक्रोवेव्ह ओव्हन अशी सगळ्यांचीच गर्दी असते. तिथे १, ६ आणि ११ हेच चॅनेल एकमेकांच्या अंगावर येत नाहीत. ५ गिगाहर्ट्झचा पट्टा मोकळा असतो, पण जुन्या वाड्याच्या जाड भिंतीपलीकडे तो पोचत नाही. केबल लावूनही गळती राहिली तर केबल, तिचे टोक, राऊटरचे भोक हे एकेक करून बदलून पाहावे. एका वेळी एकच गोष्ट बदलायची, हे मात्र विसरू नये. तीन गोष्टी एकदम बदलल्या तर गुण कशाने आला ते कधीच कळत नाही.

घर स्वच्छ निघाले, तर तिसरी पायरी बाहेरची. घरातली इतर सर्व यंत्रे बंद करून दूरच्या पत्त्यावर पिंग करावे. आता गळती थांबली तर आपल्याच घरातली गर्दी कारण आहे. आणि इथे बहुधा आजी निर्दोष सुटते! मालिका माहिती खाली ओढते; वर जाणारा रस्ता अडतो तो मोबाइलमधले फोटो आपोआप साठवणीला जात असल्याने किंवा दारावरचा कॅमेरा चोवीस तास चित्रे पाठवत असल्याने. राऊटरमध्ये त्यांच्या वर जाण्याच्या वेगाला मर्यादा घातली की काम होते, एक पैसाही लागत नाही.

सगळे बंद करूनही पाकिटे हरवत असतील, तर सकाळी ७ वाजता आणि रात्री ९ वाजता, असे चार-पाच दिवस मोजावे. रात्रीच गळती असेल तर पुढच्या रस्त्यावर गर्दी आहे. सदैव असेल तर तारेत किंवा जोडणीत दोष असू शकतो. ऑप्टिकल फायबर काटकोनात वाकवली तरी प्रकाश गळतो. आणि इतर सर्व पत्ते स्वच्छ असून एकाच खेळात गळती असेल, तर त्या खेळाचा सर्व्हर किंवा तिकडे जाणारा मार्ग तपासावा. मार्ग दाखवणारा 'ट्रेसरूट' नावाचा प्रोग्रॅम आहे. त्यात मधल्या एखाद्या थांब्यावर उत्तर आले नाही की मुले ओरडतात, 'सापडला चोर!' पण मधले राऊटर अशा चौकशीला मुद्दाम कमी उत्तरे देतात. त्यापुढचे थांबे नीट उत्तर देत असतील, तर तिथे काही हरवलेले नाही. पुरावा वाचतानाही घाई नको.

एवढे केल्यावर जी तक्रार होते तिला वजन असते. 'नेट बेकार आहे' म्हटले की पलीकडचा माणूस 'राऊटर बंद करून चालू करा' म्हणून मोकळा होतो. 'राऊटरपर्यंत शून्य टक्के, बाहेर रात्री ९ ते ११ दरम्यान ५ टक्के, केबल लावून, पाच दिवसांची नोंद' असे लिहून दिले तर त्याला तसे सुटता येत नाही. दूरसंचार नियामक प्राधिकरणाने २००६ सालच्या ब्रॉडबँड सेवेच्या नियमांतच पॅकेट लॉस १ टक्क्याहून कमी असावा असे म्हटले होते. म्हणजे हे मोजमाप काही मुलांच्या मनचे नाही. तक्रार क्रमांक जरूर घ्यावा. समाधान झाले नाही तर कंपनीच्याच अपील प्राधिकरणाकडे जाता येते.

हा प्रश्न खेळापुरताही नाही. हीच गळती ऑनलाइन तासाला शिक्षकांचा आवाज तोडते, परगावच्या डॉक्टरांशी चाललेला व्हिडिओ कॉल अडवते, पुण्याला शिकणाऱ्या नातवाचा चेहरा आजीसमोर गोठवते. त्या वेळीही आपण नशिबाला किंवा नेटवाल्याला बोल लावून गप्प बसतो. घरातल्या आठवीच्या मुलाला पिंग येत असेल तर अर्ध्या तासात उलगडा होईल. ज्या खेळापायी तो रोज बोलणी खातो, त्याच खेळाने त्याला घराच्या उपयोगी पाडले असे होईल.

म्हणून आमची सूचना अशी, की आठवी ते दहावीच्या कॉम्प्युटरच्या तासांपैकी दोन तास या प्रयोगासाठी द्यावेत. प्रयोगवहीत तक्ता आखावा: तारीख, वेळ, वाय-फाय की केबल, कुठवर पिंग, किती पाठवली, किती हरवली. शेवटी एकच ओळ निष्कर्षाची, आणि ती वरच्या आकड्यांतून निघत नसेल तर गुण नाहीत. पालकांनी एवढेच करावे की मोठ्या प्लॅनचा हट्ट आला, तर आधी तक्ता मागावा. आणि विद्यार्थी मित्रांनो, आजीची मालिका बंद करण्याआधी तुम्हीही तो एकदा भरून पाहा. चांगले तक्ते पत्रिकेच्या पुढील अंकात अवश्य छापू.