स्माइल प्लीज? नको, राहू दे!

फोटोग्राफर म्हटलं की ‘स्माइल प्लीज’ आलंच. मी मात्र हे दोन शब्द म्हणणं कधीच सोडून दिलंय. त्याला कारण हिंगोली जिल्ह्यातल्या एक आजी!

वसमतची हळद माहितीये ना? २०२४मध्ये तिला जीआय मानांकन मिळालं. त्याच भागातल्या एका शेतावर मी गेलो होतो. मार्च महिना, शिजवलेली हळद उन्हात वाळत घातलेली. मला हवा होता एकदम ‘कँडिड’ शॉट. पिवळेधमक हात, विस्कटलेले केस, घामेजलेला चेहरा. आजी म्हणाल्या, “थांब बाबा, लुगडं बदलून येते.”

“असंच छान दिसतंय, आजी!” म्हणत मी क्लिक केलंसुद्धा.

फोटो भारी आला. मुंबईत ज्याला दाखवला तो ‘वॉव’ म्हणाला. पुढच्या वर्षी मोठ्या ऐटीत प्रिंट घेऊन गेलो. आजींनी तो बराच वेळ न्याहाळला आणि विचारलं, “हा तर हळदीचा फोटो झाला. माझा कुठं हाय?”

माझी बोलती बंद!

आपलं काय असतं, मोबाइलमध्ये हजारो फोटो. एखाद्यात अवतार दिसला तरी चालतं. आजींचे फोटो किती? एक रेशन कार्डावरचा, एक आधारवरचा. पुढचा थेट भिंतीवर, हार घातलेला. मग तो चांगल्या लुगड्यातला असावा, असं त्यांना वाटलं तर त्यात चूक काय?

गौतम राजाध्यक्षांचं १९९७चं ‘फेसेस’ मी पुन्हा काढून पाहिलं. त्यातले तारे-तारका कसे देखणे, रुबाबदार दिसतात! तो मान हळद शिजवणाऱ्या बाईला का नको?

आता माझी पद्धत साधी आहे. पहिला अर्धा तास कॅमेरा बॅगेत. चहा, गप्पा. मग विचारायचं, “कुठं बसायचं? काय नेसायचं?” मराठवाड्यातलं दुपारचं ऊन डोळ्यांखाली काळ्या सावल्या पाडतं, म्हणून माणसाला उंबऱ्याच्या आत, सावलीत बसवायचं. अंगणातून परतणारा उजेड चेहऱ्यावर मऊ पडतो. लेन्स पन्नासची. त्या जमिनीवर बसल्या तर मीही जमिनीवर. फोटो स्क्रीनवर दाखवायचा, ‘नको’ म्हणाल्या तर डिलीट. आणि प्रिंट पोचवल्याशिवाय तो फोटो दुसऱ्या कुणाला दाखवायचा नाही.

त्या दिवशी आजी हिरवं लुगडं नेसून आल्या. डोक्यावर पदर, गुडघ्यांवर हात, नजर ताठ. हसल्या अजिबात नाहीत. मीही हसवलं नाही.

खरं सांगू? फोटो म्हणून पहिलाच सरस आहे. तरी तो मी पोर्टफोलिओतून काढून टाकला. जड गेलं, बॉस! दुसऱ्याला प्रदर्शनासाठी कुणी विचारलंही नाही. पण तो आजींच्या घरी नरसीच्या नामदेवमहाराजांच्या तसबिरीशेजारी लागलाय. येणाऱ्या-जाणाऱ्याला आजी तो स्वतः दाखवतात.

या वीकेंडला घरी जाताय? मग आजीचा फोटो काढाच. पण आधी तिला लुगडं बदलून येऊ द्या. आणि हो, प्रिंट काढायला विसरू नका!