किल्ली कोणाकडे?



हा अंक प्रवास विशेषांक आहे. मुद्रितं तपासताना एक गोष्ट खटकली आणि मनातून जाईना. नऊ प्रवासलेखांत घाट आहेत, मासळीची ताटं आहेत, चुकलेल्या गाड्या आहेत. पण एकाही लेखात कुणाला लघवीला लागलेली नाही. लेखकांना दोष देत नाही. मीही इतकी वर्षं प्रवासावर लिहिते आहे आणि ते कधी लिहिलं नाही. आज तेच लिहिते.

जानेवारीतल्या एका शनिवारी पहाटे आम्ही घरची सहा माणसं पुण्याहून काशीदला निघालो. सासूबाई चौऱ्याहत्तर वर्षांच्या. त्यांना रक्तदाबासाठी रोज सकाळी लघवीची गोळी असते. त्या दिवशी त्यांनी ती घेतलीच नव्हती, हे रेवदंड्याचा पूल ओलांडून साळावला आल्यावर कळलं. पाणीही घोटभरच प्यायल्या होत्या. “सारखं सारखं गाडी थांबवा कोण म्हणणार?” म्हणाल्या. माझ्या हातातली बाटलीही भरलेलीच होती. सोळा वर्षांच्या लेकीची तशीच. तिघींनी एकमेकींशी न बोलता तेच ठरवलं होतं.

काशीदला उतरलो तेव्हा किनारा गाड्यांनी फुललेला होता. शौचालय होतं. दाराला कुलूप होतं. शेजारच्या शहाळेवाल्याला विचारलं. तो म्हणाला, “किल्ली कोणाकडे असते, काही कळत नाही.” पुरुष सुरूच्या झाडांकडे वळत होते, मुलांना आया तिकडेच नेत होत्या. सासूबाईंना चालवेना. त्या गाडीच्या दाराला धरून उभ्या राहिल्या आणि डोळ्यांत पाणी आलं ते त्यांनी पदराने पुसलं.

शेवटी रस्त्यापलीकडच्या वाडीतल्या एका बाईंनी आत बोलावलं. “या आजी, आधी तुम्ही जा. पाणी भरून ठेवलंय.” पैसे घेईनात. शनिवार-रविवारी अशी किती माणसं येतात, असं विचारलं तर म्हणाल्या, “मोजत नाही. मोटार मात्र तीनदा लावावी लागते.” त्यांची वीज, त्यांच्या विहिरीचं पाणी, मागे मोरी घासणं त्यांचंच. आपल्या सहलीचा हा खर्च कुठल्याच हिशेबात येत नाही. पर्यटनाने गावाला किती मिळालं हे सांगणाऱ्यांनी वाडीतली ती मोटारही मोजावी.

   जुलै २०२५मध्ये शिवरायांचे बारा किल्ले युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत आले. त्यांत रायगड आहे, थळच्या समुद्रातला खांदेरीही आहे. अभिमान वाटला, आणि पाठोपाठ काशीदचं ते कुलूप आठवलं. रायगड जिल्ह्यात आता आणखी माणसं येतील. त्यांत म्हाताऱ्या असतील, गरोदर बायका असतील, मधुमेही असतील, पाळी आलेल्या मुली असतील.

हा प्रश्न हाती घ्यायला मासिकं पूर्वी लाजली नव्हती, याचा मला फार आधार वाटतो. विद्या बाळ यांनी १९८९ साली सुरू केलेल्या ‘मिळून साऱ्याजणी’ने पुण्यातल्या स्त्रियांच्या शौचालयांसाठी उच्च न्यायालयात जनहित याचिका केली. २०११ साली मुंबईत ‘राइट टू पी’ची मोहीम उभी राहिली. डिसेंबर २०१५मध्ये त्या याचिकेचा निकाल लागला: स्वच्छ, सुरक्षित शौचालय हा स्त्रीच्या जगण्याच्या हक्काचाच भाग आहे, महापालिकांनी समित्या नेमून आराखडे करावेत. निकाल मोठा होता. पण आदेश महापालिकांना होता, आणि काशीदला ग्रामपंचायत आहे. आपली सुट्टी जिथे जाते तिथे तो पोचतच नाही.

शौचालयं बांधलीच जात नाहीत, असं मी म्हणणार नाही. बांधकामाला निधी येतो, उद्घाटनाची पाटी लागते. मग खाऱ्या हवेने कड्या गंजतात, पंप जळतो, टाकी भरते, आणि झाडणाऱ्या माणसाच्या पगाराची तरतूद कुणीच केलेली नसते. अशा वेळी सर्वांत स्वस्त दुरुस्ती म्हणजे कुलूप. इतरत्र यावर उपाय काढलेले आहेत. जपानमध्ये १९९३पासून हमरस्त्यांवर ‘मिची-नो-एकी’ नावाचे थांबे आहेत. तिथलं शौचालय चोवीस तास उघडं असलंच पाहिजे, नाहीतर थांब्याची नोंदणीच होत नाही. जर्मनीतल्या आलेन या लहान शहराने २०००पासून वेगळी वाट धरली: खानावळींनी आपलं शौचालय कुणालाही वापरू द्यायचं, दारावर खूण लावायची आणि देखभालीचे पैसे नगरपालिकेने दरमहा द्यायचे. अलिबाग-मुरूड रस्त्यावर हे आजच करता येईल. चौल, रेवदंडा, कोर्लई, काशीद, नांदगाव: खानावळी आहेत, घरगुती राहण्याच्या सोयी आहेत, त्या वाडीतल्या बाईंसारखी माणसं आहेत. गाड्यांकडून पार्किंगचे पैसे घेता येतात, तर त्यातले थोडे त्यांच्या मोटारीला देता येतील. आणि प्रत्येक सार्वजनिक शौचालयाच्या दारावर उद्घाटकाच्या नावाखाली किल्ली सांभाळणाऱ्याचं नाव आणि फोन नंबर रंगवला पाहिजे.

सासूबाईंना या सुट्टीत पुन्हा समुद्रावर नेऊ म्हटलं. त्या नको म्हणाल्या. कारण सांगितलं नाही, आम्हीही विचारलं नाही.

तुमच्यापैकी अनेक जण हा अंक पिशवीत टाकून कोकणात जाल. वाटेत बंद शौचालय दिसलं तर ठिकाण, तारीख आणि वेळ लिहून ठेवा, फोटो काढा. त्या ग्रामपंचायतीला पत्र पाठवा आणि एक प्रत आम्हाला. जानेवारीच्या अंकापासून ही पत्रं आम्ही छापणार आहोत, आणि आलेली उत्तरंही.