‘नो सर, थँक यू सर’

एमबीएच्या मुलाखतींची तयारी करून घेणाऱ्या एका मार्गदर्शकांचं व्याख्यान परवा पुण्यात ऐकलं. पॅनेलनं शेवटी ‘काही विचारायचंय का?’ म्हटलं की ‘नो सर, थँक यू सर’ म्हणायचं आणि उठायचं, हा त्यांचा मंत्र. का? तर पॅनेल दमलेलं असतं, प्रश्न चुकला तर कमावलेलं जातं आणि सगळं वेबसाइटवर असतंच. नंतर मेल पाठवणं ही तर त्यांच्या मते लाचारी. समोरची मुलं हे वहीत उतरवून घेत होती, म्हणून लिहायला बसलो.

पॅनेल दमलेलं असेल, पण ‘विचारा’ असं तेच म्हणतंय. चुकण्याची भीती तर आधीच्या वीस मिनिटांतही होतीच.

राहिलं वेबसाइटचं. तिथे काय असतं? ठळक अक्षरात सरासरी पॅकेज. दोन-चार जणांना भलीमोठी ऑफर मिळाली की सरासरी वर सरकते; मधोमधच्या मुलाला काय मिळालं ते मध्यक सांगतो, आणि तो शोधावा लागतो. अहमदाबादच्या आयआयएमसारखी संस्था लेखापरीक्षण झालेला प्लेसमेंट अहवाल काढते. सगळ्या काढत नाहीत. प्लेसमेंटच्या आकड्यात किती मुलं धरलीच नव्हती? नोकरीचा अनुभव नसलेल्यांना समर इंटर्नशिप कुठे मिळाली? बँकेकडून फीचे पैसे उशिरा आले तर दंड किती? हे कुठल्या पानावर आहे, ते दाखवा. मोठ्या आयआयएममध्ये दोन वर्षांची फी 20 लाखांच्या पुढे गेली आहे. भाड्याची खोली बघतानाही पाणी किती वेळ येतं हे विचारणारे आपण, आणि इथे मुलांना गप्प बसायला शिकवायचं?

हे वळण जुनं आहे. वर्गात हात वर करणारा आगाऊ ठरायचा. माझ्या मुलाखतीच्या वेळी फी हप्त्यांनी भरता येईल का, हा प्रश्न चिठ्ठीवर लिहून खिशात होता. मी ‘नो सर’ म्हणालो. आईच्या पाटल्या गहाण पडल्या. हप्त्यांची सोय होती, हे जूनमध्ये नोटीस बोर्डावर वाचलं.

मेलनं गुण वाढत नाहीत, हे मान्य. पण लाचारी कसली? हार्वर्ड बिझनेस स्कूलनं तर मुलाखतीनंतर 24 तासांत लेखी मनोगत पाठवणं हा अनेक वर्षं अर्जाचाच भाग ठेवला होता.

ज्याच्या उत्तरावर आपला निर्णय फिरेल असा एकच प्रश्न न्यावा. पॅनेलला सांगता आलं नाही तर ॲडमिशन ऑफिसला चार ओळी लिहाव्यात, आठवड्यानं एकदा आठवण करावी. लातूरच्या माझ्या एका विद्यार्थिनीनं तसंच केलं. सरावात इंटर्नशिपचा हा प्रश्न विचारताना ती फाइलचं बटण सारखं उघडझाप करायची. पॅनेलसमोर विचारला, मग मेल केला, मग आठवण केली. दोन ओळींचं उत्तर आलं. त्याची प्रिंट तिनं कर्जाच्या कागदांना टाचली आणि मग वडिलांना सहीला बोलावलं.